लव काढायला बसण्याआधी

हातापायांवरची लव घरीच वॅक्स करून काढणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पार्लरचे पैसे वाचतात, रविवारची रांग टळते, आणि अनोळखी बाईसमोर पाय उघडे टाकून बसायचा संकोचही वाचतो. जरूर करा. माझं म्हणणं आहे ते घाईबद्दल. उद्या लग्नाला जायचं म्हणून आज रात्री अकराला डबा तापवायला घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी ठरवा, काढायचंय काय. दंडावरची, पोटऱ्यांवरची लव जरा लांब आणि काळसर असेल तर वॅक्स ती धरतं. त्यासाठी ती अर्धा सेंटिमीटर तरी, म्हणजे साधारण तांदळाच्या दाण्याएवढी, वाढलेली हवी. त्याहून तोकडी असली तर वॅक्सला पकड मिळत नाही, मग आपण तिथंच पुन्हा पुन्हा पट्टी मारतो आणि केसाऐवजी कातडी निघते. गालावरची, कपाळावरची फिकट मऊ लव तर बहुतेक वेळा काढायची गरजच नसते. आरशाला नाक टेकवून दिसणारी लव समोरच्या माणसाला दिसत नाही. हल्ली फोनच्या कॅमेऱ्याने हा नवाच छळ मांडलाय खरा! तान्ह्या बाळाच्या अंगावर कणकेचा गोळा फिरवून लव काढणाऱ्या आज्यांनाही हात जोडून सांगते, ती लव आपोआप गळतेच. नाजूक कातडं कशाला सोलायचं?

घरी वॅक्स करायचं तर साखर-लिंबाचं मला सगळ्यात बरं वाटतं. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं. लिंबू वासासाठी नसतं बरं का. त्याच्या आंबटपणाने साखर फुटते आणि गार झाल्यावर पुन्हा कणी धरत नाही. रंग मधासारखा झाला की गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघा. बोटांत मऊ गोळी वळली की गॅस बंद. लाडवांचा पाक करणाऱ्या हाताला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाक पुढे गेला तर कडक होतो, अलीकडे राहिला तर अंगावर नुसता चिकचिकाट. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तो हवेतलं पाणी ओढून सैल पडतो, तेव्हा झाकणाच्या बरणीत ठेवा.

आता हे नीट वाचा. पाक गोळीबंद होतो तेव्हा तो १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. उकळतं पाणी १०० अंशांवर असतं आणि अंगावरून ओघळून तरी जातं. पाक चिकटून बसतो आणि आतपर्यंत भाजत राहतो. म्हणून तो कोमट होईपर्यंत, अर्धा तास लागो की पाऊण तास, थांबायचं. विकतच्या डब्याचंही तेच. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून हळूहळू सैल करा. मायक्रोवेव्हमध्ये तापवलं तर कडा गार आणि मधला गोळा जळजळीत असं होतं, त्यामुळे तळापासून ढवळल्याशिवाय भरवसा ठेवू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा आणि मगच पुढे जा. इतकं करूनही भाजलंच तर वॅक्स ओरबाडून काढू नका. नळाच्या साध्या पाण्याच्या धारेखाली भाजलेला भाग वीस मिनिटं धरा. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट तर नकोच. फोड आले किंवा चेहऱ्यावर भाजलं तर सरळ डॉक्टर गाठा.

पट्टी ओढणं हे हाताचं काम आहे. जागा धुऊन कोरडी करा, घाम टिपायला चिमूटभर पावडर पुसटशी फिरवा. बोथट सुरीने वॅक्सचा पातळ थर केस ज्या दिशेला झुकलेत त्या दिशेने पसरा. लवेला जाड थर लावला तर वॅक्स पट्टीबरोबर न येता अंगावरच राहतं. कापडाची पट्टी त्याच दिशेने दोन-तीनदा दाबून घासा. मग एका हाताने कातडी ताणून धरा आणि दुसऱ्या हाताने पट्टी उलट दिशेने, कातडीला समांतर, एका झटक्यात ओढा. वर उचलून ओढली तर केस मध्येच तुटतात आणि खाली रक्त साकळतं. ओढल्याबरोबर त्या जागेवर तळहात दाबला की चुणचुण उतरते. मागे दोन-चार केस राहिले तर ते चिमट्याने उपटा, तिथं परत वॅक्स लावू नका. तीळ, चामखीळ, जखम, पुरळ वगळून पुढे जा. आणि दोघी बहिणींचं एकाच डब्यात काम चाललं असेल तर दोघींसाठी वॅक्स वेगवेगळ्या वाट्यांत काढून घ्या.

चेहऱ्यावर लावण्याआधी मात्र ड्रेसिंग टेबलवरची ट्यूब उचलून पाहा. उजळ होण्यासाठी म्हणून दुकानदाराने दिलेल्या अनेक क्रीमांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन औषधं एकत्र असतात. मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते महिनोन्‌महिने चोपडलं की कातडी पातळ होते, लाल पडते, आणि चेहऱ्यावर लव वाढायलाही लागते. मग ती लव काढायला वॅक्स आणलं जातं, आणि पातळ झालेली कातडी पट्टीबरोबर सोलून निघते. अशा चेहऱ्याला वॅक्स लावू नका. आधी ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, कारण ती एकदम बंद केली तरी चेहरा भडकतो. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तोपर्यंत आणि संपल्यावर सहा महिने वॅक्स टाळायचं असतं. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच हात घालावा.

हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली राठ काळे केस येऊ लागले आणि पाळीही पुढेमागे होत असेल, तर त्याला लव म्हणून सोडून देऊ नका. पीसीओएसमध्ये असं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, वॅक्सने केस निघतील, पण मूळ कारण तसंच राहील.

आयांशीही एक बोलायचंय. बारा-तेरा वर्षांची लेक हात लपवायला लागली, तर कुणीतरी वर्गात काहीतरी बोललेलं असतं. ‘एवढ्यात कसली थेरं’ म्हणून तिला उडवून लावू नका, आणि तिने मागितलेलं नसताना आपण होऊन ‘चल, तुझे हात साफ करू’ असंही म्हणू नका. तिला खरंच हवं असेल तर रेझरसुद्धा चालतो. रेझरने केस दाट होतात ही समजूत खोटी आहे. टोक कापलं गेल्यामुळे ते नुसते खरखरीत लागतात. वॅक्स केलं तर मुळासकट निघतात आणि तीन ते सहा आठवडे जातात. मधल्या काळात थोडे उगवलेले दिसतील, कारण सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात.

घरात लग्न असेल तर वॅक्स तीन-चार दिवस आधी उरका. आदल्या दिवशी केलेल्या अंगाला हळद लागली की आग होते. पहिलंच वॅक्स असेल तर ते महिनाभर आधी करून बघा. त्यातही त्या वॅक्सच्या आदल्या दिवशी थेंबभर लावून पट्टी ओढा आणि चोवीस तास थांबा, कारण विकतच्या बऱ्याच वॅक्समध्ये राळ असते आणि ती काहींना सोसत नाही.

काढून झाल्यावर साखरेचं वॅक्स कोमट पाण्याने धुऊन जातं; राळेचं असेल तर खोबरेल तेल चोळा. मग गार ओलं फडकं ठेवा, सैल सुती कपडे घाला. त्या दिवशी कडकडीत पाण्याने आंघोळ नको, अत्तर-डिओ नको, भर उन्हात हिंडणं नको. बारीक लाल पुटकुळ्या येतात, त्या एक-दोन दिवसांत बसतात. खाजवलं तर आपल्या सावळ्या-गव्हाळ अंगावर काळे डाग उरतात आणि ते जायला महिने लागतात. पुटकुळ्यांत पू धरला, जागा तापली किंवा सूज पसरू लागली, तर घरगुती लेप करत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.