डिअर सर, माझे पैसे?

तीन महिने झाले, एका ठिकाणी माझ्या लेखांचं पेमेंट अडकलंय. फोन झाले, मेसेज झाले. शेवटी म्हटलं, आता रीतसर इंग्रजी पत्रच ठोकायचं. आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली!

'रिस्पेक्टेड सर' लिहिलं, तर शाळेतला सिक लीव्हचा अर्ज आठवला. खोडलं. 'आय होप धिस फाइंड्स यू वेल'? पैसे माझे अडकलेत आणि तब्येत त्यांची विचारू? 'काइंडली'ने सुरुवात केली, तर जणू मीच उधार मागतेय.

दुखणं जुनंच आहे म्हणा. सरकारी बाबूंचं असलं घोळदार इंग्रजी सुधारावं म्हणून ब्रिटनच्या अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून 'प्लेन वर्ड्स' लिहून घेतलं, ते १९४८ साली आलं. आपण अजून 'विथ रेफरन्स टु द अबव्ह'ला चिकटून!

मग अकाउंट्समधल्या बाईंचं नाव शोधलं. नाव माहीत असलं की वर 'डिअर मिझ अमुक', खाली 'युअर्स सिन्सिअरली'. नुसतं 'डिअर मॅडम' असेल, तर 'युअर्स फेथफुली'. ही ब्रिटिश जोडी सहसा मोडत नाहीत. ('मिझ'मुळे मिस की मिसेस ही चौकशीही वाचते.) पहिलं वाक्य: 'आय ॲम रायटिंग अबाउट माय अनपेड इन्व्हॉइस.' पुढे बिल नंबर, तारीख, रक्कम. बस्स.

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "अगं, जरा गोड लिही की!"

गोड शेवटच्या ओळीत घातलंय. पत्र आज कुरिअरने गेलं.