याचा उपयोग काय?



गणिताच्या तासाला तुमच्यापैकी कोणीतरी हमखास विचारतो, "सर, याचा उपयोग काय?" प्रश्न चांगला आहे. परंतु उत्तर लगेच मिळाले नाही, म्हणून ते ज्ञान निरुपयोगी ठरवू नये, असे मला वाटते. का, ते एका संख्येच्या गोष्टीवरून पाहा.

१ पेक्षा मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. उर्दूत आपण तिला मुफरद अदद म्हणतो. आता ३१ वेळा २ घेऊन गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा. २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळेल. ती मूळ आहे का? हे ठरवण्यासाठी ४६,३४० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागेल. अशा संख्या पावणेपाच हजारांहून अधिक आहेत!

थोर गणिती ऑयलर यांनी आधी विचार केला, मग भागाकार. त्यांनी दाखवले, की या संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, तिला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. त्यामुळे तपासायच्या संख्या शंभरापेक्षाही कमी उरल्या. त्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही. संख्या मूळ ठरली! हे १७७२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ऑयलर यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

पुढे १८११ साली बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिले, की असे शोध केवळ कुतूहलाचे आहेत, उपयोगाचे नाहीत. म्हणून यापुढे कोणी जाणार नाही. पण १८७६ साली फ्रान्सच्या ल्युका यांनी ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. आणि १९७७ साली अमेरिकेत रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी मूळ संख्यांपासून गुप्त संदेशांचे कुलूपच तयार केले. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे असते. पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधून काढणे फार कठीण. इंटरनेटवरील बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी ही पद्धत वापरली गेली. तिच्या मुळाशी ऑयलर यांचाच एक सिद्धान्त आहे!

मित्रांनो, बार्लो विद्वान होते. तरीही त्यांचा अंदाज चुकला. मग आपण घाई का करावी? प्रत्येक गणिताचा असा उपयोग होईलच, असे मी म्हणत नाही. परंतु आधी विचार आणि मग मेहनत, ही सवय कधीच वाया जात नाही. म्हणून "याचा उपयोग काय?" असे जरूर विचारा, मात्र विचारून वही मिटू नका.