डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरचा नंबर

मागे एका रविवारी सकाळीच आमच्या शेजारचा मुलगा तोंड पाडून दारात उभा राहिला. पोरगा दोन वर्षांपासून मुंबईतल्या एका गॅरेजात जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करण्याचे काम शिकतो आहे. बारावीपर्यंत शिकलेला आणि हाताला वळण असलेला. विचारले तर म्हणाला, "काका, उस्ताद म्हणतात पिस्टन जळाला तर पैसे तुझ्या पगारातून कापणार."

प्रकरण असे होते. गॅरेजात एक एम.जी.बी. आली होती, 1965 सालची. दोन माणसांची, उघड्या टपाची, धावायला बनवलेली गाडी. इंग्लंडात ॲबिंग्डन गावी 1962 ते 1980 पर्यंत सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांवर एम.जी.बी. निघाल्या. मालकाने रंग आणि सीटवर पाण्यासारखा पैसा ओतलेला. पण गाडी चढाला लागून ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात टकटक सुरू. टायमिंग या पोराने लावले होते, म्हणून ठपका त्याच्यावर. तो शपथेवर सांगत होता की पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दहा डिग्रीवरच लावले आहे.

आम्ही पडलो बी.कॉम., उभा जन्म खतावण्या लिहिण्यात गेला. मोटारीतले आम्हाला काय कळणार? पण कारकुनाला एक खोड असते, आधी व्हाउचर बघायचे. आम्ही म्हटले, "डिस्ट्रिब्युटर याच गाडीचा आहे कशावरून? त्याच्यावर काही नंबर असेल ना?" पोरगा आमच्याकडे बघतच राहिला.

ज्या वाचकांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात कॉइलमधून आलेला करंट चारही प्लगना पाळीपाळीने वाटून देण्याचे काम डिस्ट्रिब्युटर करतो. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक होतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे मारत असेल तर एका सेकंदात दोनशे ठिणग्या वाटाव्या लागतात. पण नुसते वाटून भागत नाही. वेग वाढेल तशी ठिणगी थोडी आधी पडावी लागते, कारण पेट्रोल जळायला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही आणि पिस्टन मात्र घाईत असतो. म्हणून आत दोन वजने आणि दोन स्प्रिंगा असतात. वेगाबरोबर वजने बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे सरकते. किती सरकायचे आणि कोणत्या वेगाला, हे प्रत्येक इंजिनासाठी कंपनीने वेगळे ठरवलेले. बाहेरून दोन डिस्ट्रिब्युटर जुळ्या भावासारखे दिसतील, आतला हिशेब मात्र निराळा.

संध्याकाळी पोरगा कागदावर लिहूनच घेऊन आला. त्या वेळच्या एम.जी.बी.ला लुकास कंपनीचा 25डी4 जातीचा डिस्ट्रिब्युटर येई आणि जास्त दाबाच्या इंजिनासाठी त्यावर 40897 हा नंबर ठोकलेला असे. गाडीत बसवलेल्यावर नाव होते लुकास-टीव्हीएसचे, म्हणजे आपल्याच देशातला, ॲम्बेसेडरचा. यात नवल नाही. ॲम्बेसेडरचे 1489 सी.सी.चे जुने पेट्रोल इंजिन आणि एम.जी.बी.चे 1798 सी.सी.चे इंजिन एकाच घराण्यातले. एकाचा डिस्ट्रिब्युटर दुसऱ्यात बिनबोभाट बसतो. आधीच्या कुणी मिस्त्रीने अडीअडचणीला बसवला असेल, त्याला तरी दोष कसा द्यावा? पण ॲम्बेसेडरचे इंजिन कमी दाबाचे, संथ. त्याला चालणारा टायमिंगचा हिशेब जास्त दाबाच्या इंजिनाला लावला की ठिणगी फार आधी पडते आणि टकटक होते. उभ्या गाडीवर दहा डिग्री बरोबरच होते, घोटाळा वेग वाढल्यावर होत होता. पोरगा खरे बोलत होता.

उस्तादांनी कागद वाचला, काही बोलले नाहीत. मग प्रश्न आला, आता बसवायचा कोणता?

मालकाला परदेशातून नवा कोरा मागवायचा होता. बाजारात 25डी4 सारखे दिसणारे स्वस्त नवे डिस्ट्रिब्युटर मिळतात, पण बहुतेकांत सगळ्या गाड्यांना एकच हिशेब घातलेला असतो. तो घेणे म्हणजे ॲम्बेसेडरचा काढून तसलाच दुसरा बसवणे. नंतरच्या एम.जी.बी.वर आलेला 45डी4 ही बसतो, पण तो धुराचे कायदे कडक झाल्यानंतरच्या इंजिनासाठी आखलेला, त्याचाही नंबर ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. पूर्ण इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरही निघाले आहेत. हॉलंडच्या 123 इग्निशनच्या एका प्रकारात सोळा हिशेब भरलेले असतात, बारीक स्विच फिरवून आपल्या गाडीचा निवडायचा. रोज गाडी चालवणाऱ्याला आम्ही तोच सुचवू. मात्र 1965 च्या एम.जी.बी.त बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. ते न बघता निगेटिव्ह अर्थसाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक माल जोडला तर पहिल्याच चावीला पैसे जळाले म्हणून समजा.

आणि स्वतःचा जुना मिळाला तर? तो गाडीच्या डिकीत गोणपाटात गुंडाळलेला निघाला! नंबर 40897, शेजारी 65 सालचा शिक्का. पण शाफ्ट धरून हलवला तर आडवा खेळत होता. असे असले की पॉइंटची फट दर ठिणगीला बदलते आणि गाडी मिसिंग करते. लेथवाल्याकडून नवे बुश करून घेतले. आतल्या दोन स्प्रिंगा एकसारख्या नसतात, एक हलकी आणि एक जाड, जाडीला मुद्दाम ढिलाई ठेवलेली. पुष्कळ मिस्त्री ती बिघडली समजून दोन्ही हलक्या घालतात, तसे करू नये. वजनांखालच्या पट्टीवर आकडा असतो, तो 10 असेल तर इंजिनावर वीस डिग्री वाढणार असे समजावे. रोटर घेताना मधोमध रिव्हेट नसलेला घ्यावा, हलक्या मालात त्या रिव्हेटमधून ठिणगी शाफ्टला पळते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते.

पॉइंटची फट 15 थाऊ ठेवली. व्हॅक्यूमची नळी काढून सहाशे फेऱ्यांवर स्ट्रोब लाइटने चौदा डिग्री बघितले. पेट्रोल आता त्या काळचे राहिलेले नाही, म्हणून चढावर चालवून पाहिली आणि जराशी टकटक ऐकू आली तेव्हा दोन डिग्री मागे घेतले. मग बंद झाली.

पगार कापला गेला नाही. उस्तादांनी माफी वगैरे मागितली नाही, आम्हाला तशी अपेक्षाही नव्हती. पण पुढच्या आठवड्यात एक जुनी फियाट आली तेव्हा बॉनेट उघडून त्यांनी पोराला हाक मारली आणि म्हणाले, "आधी नंबर वाच रे."