उमेदवाराला ५० केबी, खात्याला ४ एमबी

मोबाईलवर काढलेला फोटो साधारणपणे १२ मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे रुंदीत ४,००० ठिपके आणि उंचीत ३,०००. त्याचे वजन सहज ४ एमबी भरते. आमच्या सुर्ला गावात रेंज ढासळून वेग सेकंदाला २ मेगाबिटवर आला की असा एक फोटो उतरायला १६ सेकंद लागतात. दहा फोटोंना अडीच मिनिटांहून जास्त. सरकारी संकेतस्थळांवर असेच जड फोटो असतात: सत्कार-उद्घाटनांचे फोटो मोबाईलमधून निघाले तसेच वर चढवलेले, आणि माणूस ज्या अर्जासाठी आला तो सर्वांत खाली.

उपाय फुकटचा आहे. फोनच्या पडद्याची रुंदी बहुधा १,०८० ठिपके असते, त्यामुळे १,२०० ठिपक्यांचा फोटो पुरतो. नार्व्याच्या सप्तकोटेश्वर देवळाचा फोटो १,२०० बाय ९०० केला की १ कोटी २० लाख ठिपक्यांचे १० लाख ८० हजार होतात आणि फोनवर देऊळ तसेच दिसते. जेपेगची गुणवत्ता ७५ ते ८० ठेवली की वजन दीडशेएक केबीवर येते आणि १६ सेकंदांचे काम सेकंदाच्या आत होते. गूगलने २०१० मध्ये आणलेल्या वेबपी प्रकारात ते आणखी घटते. पानाच्या कोडमध्ये फोटोची लांबी-रुंदी नोंदवावी, म्हणजे वाचताना मजकूर उड्या मारत नाही. खालचे फोटो वाचक तिथवर पोचल्यावरच उतरावेत.

नोटिसांची गत याहून वाईट. टाइप केलेला कागद छापायचा, सही-शिक्का मारायचा आणि रंगीत स्कॅन करून तेच चित्र चढवायचे! अशा चित्रात शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीनांचे वाचनयंत्रही तिथे अडते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे खाणीसारख्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी लोकांना मिळावी लागते. डिचोलीच्या खाणपट्ट्यात नोटीस उघडलीच नाही, तर ती मिळाली असे कसे म्हणायचे?

अनेक सरकारी भरतीच्या अर्जांत उमेदवाराचा फोटो ५० केबीहून जड असला की अर्ज पुढे सरकतच नाही. बेकार तरुण तो निमूटपणे लहान करून आणतो. हीच शिस्त खात्यांनी स्वतःला लावावी: २०० केबीहून जड फोटो साईटने स्वीकारूच नये, आणि नोटीस मजकूर म्हणूनच टाकावी.

– एक वाचक, सुर्ला (डिचोली)