गिअर ऑईल: सगळ्यांना एकच बॅरल नको



या मेसेजमध्ये मी नेहमी फवारणी नाहीतर खतांचं लिहिते. आज ऑईलचं लिहितेय, कारण मागच्या बैठकीत मागणी आली की १४० नंबरचं एकच बॅरल आणा, सगळे वाटून घेऊ. जुनी यंत्रं आहेत, जाड ऑईलच बरं. स्वस्त पडेल हे खरं. तरी माझा याला विरोध आहे.

जाड ऑईल आपल्याला का आवडतं? आवाज दबतो, गळती कमी दिसते. झीज मात्र आत चालूच राहते. थंडीच्या सकाळी असं ऑईल वरच्या बेअरिंगपर्यंत वेळेत पोचतच नाही. गळत असेल तर आधी ब्रीदर बघा. तो मातीने बुजला की आतली हवा तापून दाब वाढतो आणि ऑईल सीलमधून बाहेर येतं. ब्रीदर साफ करायला पैसे लागत नाहीत. त्यानंतरही गळलं तर सील बदला.

*खरी गफलत लिफ्टची होते.* कित्येक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचं ऑईल एकच असतं. ऑईल ब्रेक असतील तर तेही त्यातच बुडालेले. अशा ट्रॅक्टरला यूटीटीओ नावाचं वेगळं ऑईल लागतं. तिथे १४० घातलं की लिफ्ट सुस्त होते, पंप ओरडतो, ब्रेक कुरकुरतात. मग आपण पंप खोलून बसतो, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

जिथे गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं आहे, तिथे डब्यावर नंबरासोबत जीएल-४ की जीएल-५ हेही वाचा. आकडा मोठा म्हणून जीएल-५ भारी, असं दुकानात सांगतात. त्यात गंधक-फॉस्फरसचं रसायन जास्त असतं. जास्त दाबाच्या गिअरला ते चांगलं, पण जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी बुशांना आणि रिंगांना ते खाऊ शकतं. पितळ असेल तिथे जीएल-४ घ्या.

आता जळक्या ऑईलचं. आमच्या आप्पांनी दोन हंगाम रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सला इंजिनमधून काढलेलं काळं ऑईल घातलं. "लोखंडच आहे, त्याला काय होतंय!" ऐन खोडवा मोडताना बेअरिंग फुटलं, क्राउन-पिनियनचे दात गेले. दुसऱ्याचा रोटाव्हेटर मिळेपर्यंत वाफसा निघून गेला. मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, मलाही काही कळत नव्हतं. त्या काळ्या ऑईलमध्ये काजळी असते, धातूचा चुरा असतो, आणि गिअरच्या दातांवरचा दाब झेलणारं रसायन त्यात मुळात नसतंच. (इंजिनचं ४० आणि गिअरचं ९० ही मापंच वेगळी आहेत बरं का. जाडीला दोन्ही जवळपास सारखीच. त्यामुळे आकडे बघून तुलना करू नका.)

रोटाव्हेटरला ९० की १४० ते त्याच्या पुस्तिकेत असतं. १४० लिहिलं असेल तर खुशाल १४० घाला, माझं भांडण १४० शी नाही.

ऑईल काम झाल्यावर, गरम असतानाच काढा. दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. चिखलणी केलेल्यांनी हे बघाच. प्लगच्या चुंबकाला बारीक राखाडी लगदा चालतो. चकत्या किंवा तुकडे दिसले तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे चालवू नका.

माझं म्हणणं एवढंच की बॅरलची ऑर्डर देण्याआधी यादी करावी. येत्या शनिवारपर्यंत ट्रॅक्टरचं मॉडेल, वर्ष, ब्रेक ऑईलचे की कोरडे, आणि लिफ्टचं ऑईल वेगळं की एकत्र, एवढं याच नंबरवर पाठवा. पुस्तिका हरवली असेल तर ट्रॅक्टरवरच्या प्लेटचा फोटो चालेल. संचालक मंडळाला माझं पटलंच आहे असं नाही. यादी हातात असली तर बैठकीत मला बोलता येईल.

आपली,
कृषी सल्लागार