कान आणि पान

आपण दिवसभर नेमके काय करतो हे घरच्यांना पटवून देणे संपादक नावाच्या प्राण्याला आजवर साधलेले नाही. शिक्षक शिकवतो, डॉक्टर सुई टोचतो, शेतकऱ्याचे काम तर उघड्या रानात साऱ्या गावाला दिसते. दुसऱ्यांनी लिहिलेले वाचायचे, त्यावर चार खुणा करायच्या आणि मग ते ज्याचे त्याच्या नावावर छापायचे, याला 'काम' म्हणावे की 'उद्योग', हा प्रश्न आमच्या घरात कित्येक वर्षे प्रलंबित आहे. त्यातून आम्ही राहतो सोनगीरला. धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की मुंबई-आग्रा महामार्गावर एक लहानसा किल्ला दिसतो, त्याच्या पायथ्याचे हे गाव. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी त्याचे जुने नाव आहे. इथे काम म्हणजे आवाज. तांबट दिवसभर मठारतो आणि संध्याकाळी हंडा उचलून दाखवतो. मी दिवसभर वाचतो आणि संध्याकाळी दाखवण्याजोगे काही असलेच, तर ती खोडलेली तीन विशेषणे!

श्रावण सरला की दिवाळी अंकाचे वारे घरात शिरते. मजकूर हल्ली भ्रमणध्वनीवर येतो. जुन्या फाँटातला असला तर युनिकोडात येताना त्याच्या वेलांट्या जागा बदलतात, जोडाक्षरे फुटतात आणि प्रेमकथेतला 'स्पर्श' ओळखता येत नाही. जाहिरातींचे दुःख वेगळेच. कापसाच्या मुलखात दिवाळीच्या तोंडावर वेचणी जेमतेम सुरू झालेली असते. ज्याच्याकडे शुभेच्छांची अर्धी पाटी मागायला जावे, तो स्वतःच भावाकडे डोळे लावून बसलेला असतो. मुद्रिते पत्नी तपासते. तिचा साहित्यिक निकष एकच आहे : भाजी फोडणीला टाकून हाती घेतलेली कथा भाजी करपेपर्यंत सुटली नाही, तर ती घ्यायची. हा निकष मी अनेक परिसंवादांत ऐकलेल्या निकषांपेक्षा अधिक भरवशाचा मानतो, मात्र त्या दिवशीची भाजी खावी लागते. माय वाचत नाही, ऐकते. एखादा परिच्छेद मोठ्याने वाचला की ती विचारते, "हाई काय शे?" आणि लेखकाने दोन पानांत जे सांगितलेले नसते ते मला दोन वाक्यांत सांगावे लागते.

आमच्या घरातला वाद पेटतो तो मुलीच्या भ्रमणध्वनीवरून. २०२२ साली 'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणे आले आणि खान्देशाच्या वेशी ओलांडून कुठल्या कुठे गेले. यूट्यूबवर ते कोट्यवधी वेळा पाहिले गेले; ज्यांना धुळे नकाशावर दाखवता येणार नाही, अशांच्या वरातींतही ते वाजले. मुलीचे म्हणणे असे की, अंकात या गाण्यांवर लेख हवा. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचे म्हणणे असे की, वाङ्मयीन अंकात डीजेचा धुरळा नको. मायचे म्हणणे असे की, गाणे आपल्या बोलीत आहे, तेव्हा भांडायचे कशाला? या तिघांत मी मुलीच्या बाजूचा आहे. मात्र तिच्या कारणासाठी नव्हे.

आधी स्नेह्यांच्या आक्षेपाविषयी. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी, आणि त्यांच्या मासिकाचे नाव होते 'मनोरंजन'. आपण ज्याला वाङ्मयीन परंपरा म्हणून उदबत्ती ओवाळतो, तिच्या दारावर ही पाटी होती. पुढचे उदाहरण तर आमच्याच मातीचे. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली. १९५३ साली अत्र्यांनीच 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळाले. एक कवयित्री असोद्याची लेक आणि जळगावची सून. दुसऱ्या पुस्तकाचा लेखक अमळनेरच्या शाळेत शिकवलेला, छात्रालयाचे हस्तलिखित दैनिक चालवलेला. दैनिक चालवणारा, नाटके लिहिणारा, चित्रपट काढणारा एकच संपादक जात्यावरच्या ओवीसाठीही कान देतो आणि तिकीटबारीचीही लाज बाळगत नाही. लोकप्रिय आणि वाङ्मयीन यांच्यात भिंत घालायची तर ती अत्र्यांच्या टेबलाच्या मधून घालावी लागेल!

तरीही मुलीच्या उत्साहात मी पुरता वाहून जात नाही, त्याचे कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या कथांत आहे. लिहिणारे बहुतेक घरी अहिराणी बोलणारे. कथेत एखादे विनोदी पात्र आले, चावडीवर थट्टा रंगली, की संवाद झकास अहिराणीत उतरतात. मात्र बाप गेला, कर्जापायी जमीन गेली, लेक सासरहून परत आली, की तीच माणसे एकाएकी पाठ्यपुस्तकी मराठीत बोलू लागतात. हसायचे बोलीत आणि रडायचे प्रमाण भाषेत, अशी ही वाटणी. कोणी ती शिकवलेली नाही. म्हणूनच ती अधिक काळजीची आहे. जनगणना खान्देशीला मराठीहून निराळी भाषा म्हणून मोजते. आणि इथे बोलणाराच तिला शोकाला अपुरी समजतो. वरातीत वाजणारे गाणे ही वाटणी मोडत नाही, उलट ती पक्की करते. यात गाण्याचा दोष नाही. गाण्याचे काम नाचवण्याचे आहे आणि ते त्याने चोख बजावले. त्याने बोलीला कान मिळवून दिले. तिला पान देण्याचे काम मात्र संपादकाचे.

मालवणीचेही असेच झाले. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या 'वस्त्रहरणा'ने तिला महाराष्ट्रभर श्रोते दिले, पण पहिली पावती मिळाली ती हशाची. हशा हे दार आहे. दारातून आत यायचे असते. उंबऱ्यावरच मुक्काम ठोकला तर बोली ही कायमची विदूषक ठरते.

बोलीत खोल काही मावत नाही, असे म्हणणाऱ्याला बहिणाबाईंकडे पाठवावे. त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली. पण प्रमाण मराठीला शेजारचीच. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईने मन, मरण, संसार, देव यांचा विचार त्या बोलीत केला. तो टिकला, कारण मुलगा सोपानदेव आणि आप्तांतले पितांबर चौधरी यांनी तो टिपून ठेवला. मराठीतले एक मोठे संपादन घरच्या घरी, कुटुंबातच झाले. टिपणारा मुलगा स्वतः कवी होता. आईची बोली 'शुद्ध' करण्याचा मोह त्याला झाला असता, तर आपल्या हाती काय उरले असते?

'दूरच्या वाचकाला कळणार कसे?' हा प्रश्न उरतो. 'माले', 'तुले', 'शे' हे शब्द दुसऱ्या ओळीत आपोआप उमगतात. त्यापुढचे अडलेच, तर वाचकाने थोडे अडावे. इंग्रजी कादंबरीतल्या पदार्थांची नावे आपण कुठे सोडून देतो? मग शेजारच्या जिल्ह्यासाठी एवढा धीर धरायला काय हरकत आहे?

तेव्हा मुलीने सुचवलेला लेख अंकात येईल. त्याच्या शेजारी मात्र एका शेतकऱ्याच्या मरणाची कथा असेल, जिच्यातली विधवा शेवटच्या ओळीपर्यंत अहिराणीतच बोलते. तळटीप नाही, कंसात अर्थ नाही. पत्नीने ती कथा वाचली आहे. भाजी करपली. मायला मी ती वाचून दाखवली, तेव्हा "हाई काय शे?" हा प्रश्न तिने विचारला नाही.