खेळ शिकावा कीं नुसता खेळावा ?

चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यांत सायंकाळीं दिवेलागण झाली कीं पुष्कळ घरांत एकाच विषयावर वाद सुरू होतो. पालक म्हणतात, "हे पडद्यावरचे खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय." मुलें म्हणतात, "अभ्यास उरकून दोन घटका खेळलों, तर बिघडलें काय ?" दोन्ही पक्षांचें म्हणणें कांहीं अंशीं खरें आहे. परंतु ज्यावर निकाल अवलंबून आहे तो प्रश्न दोघांपैकीं एकही विचारीत नाहीं. मूल खेळ शिकत आहे कीं नुसतें खेळत आहे, हा तो प्रश्न होय. एका खेळाचें उदाहरण घेऊन त्याचा विचार करूं.

अकिरा तोरियामा या जपानी चित्रकारानें १९८४ पासून १९९५ पर्यंत 'ड्रॅगन बॉल' नांवाची चित्रकथा क्रमशः प्रसिद्ध केली. तिच्यावरून अॅनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्रमाला, निघाल्या आणि दूरचित्रवाणीच्या द्वारें गोकु व व्हेजिटा हीं नांवें आमच्या मुलांच्या तोंडीं बसलीं. पुढें २०१८ सालीं आर्क सिस्टिम वर्क्स या जपानी कंपनीनें त्याच कथेवर 'ड्रॅगन बॉल फायटर्झ' हा लढाईचा खेळ तयार केला. त्यांत प्रत्येक खेळाडू तीन योद्धे निवडतो. एक रंगणांत उतरतो; उरलेले दोघे हांक येतांच क्षणभर साह्यास धावतात, किंवा पहिल्यास बाहेर काढून स्वतः त्याच्या जागीं उभे राहतात. एका पक्षाचे तिन्ही योद्धे गारद झाले कीं सामना संपला.

ही अदलाबदल आम्हांस परकी नाहीं. ज्या खो-खोचे नियम १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यांत बांधले गेले, त्याचा प्राणच ही अदलाबदल आहे. पाठलाग करणारा गडी योग्य क्षणीं बसलेल्या गड्यास खो देतो. आपणच धावत राहण्याचा हट्ट धरणारा संघास बुडवितो. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झालेली खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भारताच्या पुरुषांनीं आणि स्त्रियांनींही जिंकली, व दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचेच होते. ज्या घरांतील वडील वा आई कारखान्यांत पाळीनें कामास जातात, त्यांना तर हें वेगळें सांगावयास नको. पाळी संपतांना यंत्र नीट स्थितींत पुढील माणसाच्या हवालीं करावयाचें आणि आपण विसावा घ्यावयाचा, यावरच काम अखंड चालतें. या खेळांतही मार खाल्लेल्या योद्ध्याच्या शक्तिरेषेचा कांहीं भाग निळा दिसतो, आणि तो योद्धा बाहेर विसावला कीं तो भाग हळूहळू भरून येतो. आपल्या आवडत्या योद्ध्यालाच शेवटपर्यंत लढविणारा मुलगा म्हणूनच लवकर हरतो. विसाव्याचें मोल जाणणें आणि मागें उभ्या असलेल्या सोबत्यावर विसंबणें, हा या खेळाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा कष्टाचा आहे. या खेळांत एक सोपी वाट ठेवलेली आहे. एकच बटण वारंवार दाबलें तरी योद्धा आपोआप प्रहारांची एक माळ पुरी करतो. नवशिक्यास त्यामुळें पहिल्याच दिवशीं आनंद मिळतो, हें चांगलेंच झालें. दुःख एवढेंच कीं, पुष्कळ मुलें त्या वाटेवरच थांबतात. ज्यास खरोखर शिकावयाचें आहे त्यानें आधीं बचाव शिकावा. प्रतिस्पर्ध्याच्या उलट दिशेची कळ धरून ठेवली म्हणजे वार अडविला जातो. परंतु पायांवरचा वार बसून अडवावा लागतो, आणि कांहीं वार असे असतात कीं ते उभें राहूनच अडविले पाहिजेत. पडद्यावरील चित्र एका सेकंदांत साठ वेळां बदलतें. आपला वार अडविला गेल्यावर प्रथम कोणास हालतां येईल, हें त्यांतील थोड्याशा चित्रांच्या अंतरानें ठरतें. हें डोळ्यांस दिसत नाहीं, सरावानेंच हातांत उतरतें. त्यासाठीं खेळांत सरावाची वेगळी जागा आहे. तेथें समोरचा योद्धा सांगूं तसा उभा राहतो. तालमींत नव्या पोराकडून एकच डाव पुन्हां पुन्हां घोटून घेतात, तो डावीकडून व उजवीकडून सारखा बसेपर्यंत वस्ताद दुसरा डाव दाखवीत नाहींत. हीच रीत येथेंही लागू पडते. अशा रीतीनें मिळविलेला आनंद जिंकण्याच्या आनंदाहून अधिक टिकाऊ असतो; कारण तो प्रतिस्पर्ध्याच्या दुबळेपणावर अवलंबून नसतो.

तिसरा धडा हरण्याचा. २०१८ सालीं अमेरिकेंत लास व्हेगास येथें एव्हो नांवाच्या मोठ्या स्पर्धेंत या खेळाच्या अंतिम सामन्यांत जपानचा गोइची, जो 'गो-वन' या नांवानें खेळतो, तो अमेरिकेच्या 'सॉनिकफॉक्स' कडून पराभूत झाला. पुढील वर्षीं, २०१९ मध्यें, त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत तेच दोघे पुन्हां समोरासमोर आले आणि या वेळीं गो-वन विजयी झाला. पराभवानंतर रुसून बसणारा अशा रीतीनें परत येत नाहीं. खेळलेला सामना पुन्हां पाहण्याची सोय या खेळांत आहे. परंतु तिचा उपयोग करणारीं मुलें थोडींच. पुष्कळजण हरतांच, "नशीब फुटकें" किंवा "त्याचा योद्धाच बलवान" असें म्हणून पुढचा सामना सुरू करतात. गणितांत चुकलेलें उत्तर न तपासतां पुढील उदाहरण घेणारा विद्यार्थी आणि हा खेळाडू, यांत भेद तो काय ?

आतां आक्षेपांचाही विचार करावयास हवा. या खेळांत मारामारी आहे हें खरें. युरोपीय वर्गीकरणानें तो १२ वर्षांपुढील मुलांसाठींच योग्य ठरविला आहे, तेव्हां लहान भावंडांच्या हातीं तो देऊं नये. नवनवे योद्धे निराळें मूल्य घेऊन विकले जातात. तो खर्च पालकांस विचारल्याविना होतां कामा नये. तालमींत शरीर घडतें, येथें केवळ बोटें हालतात. म्हणून मैदानाची जागा हा खेळ कधींही घेऊं शकत नाहीं, आणि झोपेची तर नाहींच नाहीं. पण म्हणून याला जुगाराच्या पंक्तींत बसविणेंही न्याय्य नाहीं. २०२५ सालीं आपल्या संसदेनें केलेल्या कायद्यानें पैशांच्या पणावर चालणारे ऑनलाईन खेळ निषिद्ध ठरविले, आणि कौशल्यावर चालणाऱ्या ई-स्पोर्ट्सना त्यांहून वेगळें मानलें. जो विवेक कायद्यानें दाखविला, तो घरांतही दाखवावा.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, बंदीचा हुकूम सोडण्यापूर्वीं सुट्टीच्या दिवशीं अर्धा तास मुलाशेजारीं बसावें, दुसरा कंट्रोलर हातीं घ्यावा आणि खुशाल हरावें. मग त्यास एकच विचारावें : "काल तूं हरलास तो कशानें ?" त्यानें थांबून, विचार करून कारण सांगितलें, तर मूल शिकत आहे असें समजावें, त्याच्या खेळास ठराविक वेळ द्यावा, आणि तो वेळ संपला कीं खेळ थांबवावा. त्यास कांहींच सांगतां आलें नाहीं, तर तें केवळ वेळ दवडीत आहे, आणि तेथें वडिलकीचा शब्द चालविणें योग्यच आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न आईवडिलांनीं विचारण्याची वाट कशाला पाहतां ? प्रत्येक पराभवानंतर तो स्वतःलाच विचारा. ज्यास आपल्या हरण्याचें कारण धिटाईनें सांगतां येतें, तो खेळांत सुधारतो. आणि ती संवय एकदां जडली म्हणजे ती परीक्षेच्या दालनांत आणि पुढें कारखान्याच्या यंत्रापाशींही त्याची साथ सोडीत नाहीं.